चार दारं फिरून आलेली तक्रार: जर्मनीतल्या यजमान घरातलं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गाव, घरातल्या माणसांचे व्यवसाय आणि काही तारखा बदलल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे, कारण घोळ त्या क्रमातच झाला.

## पार्श्वभूमी

मुलगी सोळा वर्षांची, महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावची. दहावीनंतर दहा महिन्यांच्या शालेय अदलाबदल कार्यक्रमात ती ऑगस्टच्या शेवटी उत्तर जर्मनीतल्या एका लहान गावात पोचली. जर्मनची ए-२ पातळी झालेली. म्हणजे दुकानात वस्तू मागता येते, बसची वेळ विचारता येते, पण मनात काय सलतंय ते सांगायला शब्द पुरत नाहीत. तिचं स्वतःचं घर शाकाहारी, अंडंसुद्धा न खाणारं.

यजमान घरात आई, वडील, तेरा वर्षांचा मुलगा. मोठी मुलगी स्वतःच सहा महिन्यांसाठी परदेशी शिकायला गेलेली, तिची खोली या मुलीला दिली. परदेशातलं मूल घरात घेण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

आपल्याकडच्या पालकांना हमखास माहीत नसणारी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. जर्मनीतल्या अशा शालेय कार्यक्रमांत यजमान घरं साधारणपणे मोबदला न घेता मुलं ठेवतात. पालकांनी भरलेली रक्कम प्रवास, विमा, प्रशिक्षण आणि संस्थेच्या कामकाजात जाते. मुलीच्या ताटातली पोळी म्हणा, पाव म्हणा, तो त्या घराच्या खिशातून येतो. (भाषावर्गासाठी जाणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांचं वेगळं असतं, तिथे घराला आठवड्याच्या हिशोबाने पैसे मिळतात.) 'आम्ही एवढे पैसे मोजलेत' हे वाक्य या प्रकरणात पुढे एकदा उच्चारलं गेलं आणि त्याने बरंच बिघडवलं.

कागदपत्रं सुरळीत झाली. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग', करावी लागते. त्यासाठी लागणारं घर देणाऱ्याचं सहीचं पत्र यजमान वडिलांनी तिसऱ्याच दिवशी तयार ठेवलं होतं. घर कसं होतं, याचा अंदाज त्यावरून यावा.

## अडचण कशी साचत गेली

अर्जात आहाराच्या रकान्यात एकच शब्द होता: शाकाहारी. जर्मनीत 'फेगेटारिश' म्हटलं की अंडं त्यात धरलेलंच असतं. यजमान आईने पहिल्याच आठवड्यात पावाबरोबर खायला, मांसाच्या कापांऐवजी मिळणाऱ्या शाकाहारी कापांची पाकिटं आणली. मुलीने मोबाइलचा कॅमेरा लावून घटकांची यादी वाचली, तर त्यात 'ह्यूनरआयवाइस', म्हणजे कोंबडीच्या अंड्याचा पांढरा भाग. अशा बऱ्याच कापांत तो असतो. ती बोलली काहीच नाही. 'नको, पोट भरलंय' म्हणाली. चार दिवसांनी न फोडलेली पाकिटं मुदत संपून कचऱ्यात गेली आणि यजमान आईला वाटलं, हिला आपलं काहीच आवडत नाही.

इथवर ठीक होतं. खरी गफलत पुढे झाली. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या जवळपास प्रत्येक पाकिटावर दर १०० ग्रॅममागे पोषणाचा तक्ता असतो. त्यात साखरेच्या खाली आणि मिठाच्या वर 'आयवाइस' अशी एक ओळ असते. शब्दशः अर्थ अंड्याचा पांढरा भाग, पण तक्त्यात त्याचा अर्थ फक्त प्रथिनं. मोबाइलने शब्दशः भाषांतर दाखवलं. मुलीने ते दुधावर पाहिलं, दह्यावर पाहिलं, पास्त्यावर पाहिलं, पाकिटातल्या पावावर पाहिलं, आणि एकेक पदार्थ सोडत गेली. तिसऱ्या आठवड्याअखेर तिच्या जेवणात उरलं काय? बेकरीतला ताजा पाव, कारण त्याला तक्ता नसतो. लोणी, कारण ते काढून डबीत ठेवलेलं असे, वेष्टन तिने पाहिलंच नव्हतं. सफरचंद, टोमॅटो आणि घरून नेलेला चिवडा.

त्यातून संध्याकाळचं जेवण साडेसहाला आणि तेही थंड. 'आबेंटब्रोट' म्हणजे पाव, चीज, काप, काकडीचं लोणचं. गरम जेवण दुपारी होऊन जातं. रात्री साडेनऊला पोटात कावळे ओरडायला लागले की ही खाली येऊन पोहे करायची. कढईत मोहरी, हिंग, हळद. चुलीवरचा धूर ओढणारा पंखा हवा गाळून परत घरातच सोडणारा होता, बाहेर टाकणारा नव्हता. हिंगाचा वास बैठकीच्या खोलीतल्या पडद्यांत बसला. फिकट रंगाच्या ओट्यावर हळदीचा तळहाताएवढा डाग पडला. यजमान आई रोज सकाळी तो घासत होती आणि गप्प होती.

दुसरा धागा फोनचा. आई रोज रात्री दहाला फोन करायची, वडील कामावरून येऊन निवांत झाल्यावर. जर्मनीत उन्हाळी वेळ चालू असते तेव्हा दोन्हीकडच्या घड्याळांत साडेतीन तासांचं अंतर असतं. म्हणजे इकडचे दहा तिकडचे साडेसहा, नेमकी ताटावर बसायची वेळ. मुलगी फोन घेऊन वर खोलीत जायची आणि पाऊण तासाने खाली यायची, तेव्हा टेबल आवरलेलं असायचं. घरच्यांना एवढंच दिसायचं की हिला आपल्यात बसायचं नाही.

तिसरा धागा खोलीचा. आतले कपडे घरच्या सामाईक धुण्यात टाकायची तिला लाज वाटायची. म्हणून ती रोज रात्री न्हाणीघरात ते हाताने धुवायची, खोलीतल्या हीटरवर वाळत घालायची आणि दार बंद ठेवायची. ऑक्टोबर लागला, थंडी वाढली, तशी हीटरची चकती ५ वर आणि खिडकी वरून तिरकी उघडी, दिवसभर. ही जोडी वाईट. चकतीवरचा आकडा म्हणजे खोली किती तापवायची ती मर्यादा. ३ म्हणजे सुमारे २० अंश. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, जास्त तापत राहते. वर तिरक्या खिडकीतून थंड हवा थेट चकतीवर पडली की झडप पूर्ण उघडी राहते, ऊब बाहेर जाते, खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि ओल्या कपड्यांची वाफ तिथेच पाणी होऊन बसते. थोड्याच दिवसांत खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांत काळी बुरशी आली. आपल्या मुलीच्या खोलीत ती पाहून यजमान वडील पहिल्यांदा चिडले.

चौथी गोष्ट वरवर पाहता किरकोळ. पहिल्याच दिवशी 'आम्हाला नावाने हाक मार' असं सांगितलेलं. वडीलधाऱ्यांना नावाने, तेही अरे-तुरे करून हाक मारणं हिच्या जिभेवर येईना. मग ती हाकच मारायची नाही. काही हवं असलं की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची, समोरच्याचं लक्ष जाईपर्यंत. सात आठवडे तिने त्या घरात कोणालाही हाक मारली नव्हती. यजमान आईने नंतर सांगितलं की तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

## तक्रारीचा प्रवास

चव्वेचाळिसाव्या दिवशी मुलगी फोनवर आईला म्हणाली, 'मला इथलं खाता येत नाही.' आईने रात्री वडिलांना सांगितलं, 'तिला नीट खायला मिळत नाही.' वडिलांनी सकाळी भारतातल्या समन्वयकाला फोन केला: 'पोरीला पुरेसं जेवायला देत नाहीत, चार किलो वजन उतरलंय, आम्ही एवढे पैसे मोजलेत.' समन्वयकाने जर्मनीतल्या कार्यालयाला ईमेल लिहिली. तिथून यजमान घराला औपचारिक पत्र गेलं की विद्यार्थिनीला पुरेसा आहार मिळत नसल्याची तक्रार आली आहे, कृपया खुलासा करावा.

पाच दिवस, चार टप्पे. पत्र यजमान आईने कामाच्या ठिकाणी वाचलं. दुसऱ्या दिवशी तिने कार्यालयाला कळवलं की महिनाअखेर मुलीला दुसरीकडे हलवा.

मुलीची विचारपूस करायला संस्थेची एक स्थानिक स्वयंसेविका होती. तिला हे सगळं त्या पत्राची प्रत आली तेव्हा कळलं. ती वीस किलोमीटरवर राहत होती. पहिल्या महिन्यात तिने चौकशीचा फोन केला होता, पण घरच्या फोनवर आणि स्पीकर चालू ठेवून. यजमान आई शेजारीच बसलेली. 'आलेस गूट?' सगळं ठीक? 'या, आलेस गूट.' हो, सगळं ठीक. दुसरं उत्तर येणार तरी कसं?

## समोरचे पर्याय

वडिलांना घर ताबडतोब बदलून हवं होतं. ते जमण्यासारखं होतं, पण ऑक्टोबरच्या मध्याला नवं घर लगेच मिळत नाही. मधले काही आठवडे तात्पुरत्या घरात काढावे लागले असते. नवं घर दुसऱ्या गावात असलं तर शाळा बदलते, बसचा पास बदलतो, पत्त्याची नोंदणी पुन्हा दोन आठवड्यांत करावी लागते, आणि जिल्हा बदलला तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचं दारही बदलतं. ही सगळी धावपळ करता येते. प्रश्न असा होता की नव्या घरातही पाकिटावर 'आयवाइस' लिहिलेलंच असणार होतं.

मुलीचा स्वतःचा कल गप्प राहून नाताळपर्यंत रेटायचा. वजन चार किलोने उतरलेलं असताना हे कोणीही मान्य करायला नको होतं, आणि केलंही नाही. भारतात परत येणं हा पर्याय आईने एकदा काढला. मुलीने तो त्याच फोनवर उडवून लावला.

उरला समोरासमोर बसण्याचा मार्ग. यजमान घराने दार जवळजवळ बंद केलं होतं, म्हणून त्यात धोका होता. स्वयंसेविकेने त्यांच्याकडे एवढंच मागितलं: महिनाअखेरचा निर्णय तुमचाच राहील, त्याआधी मला दोन आठवडे द्या.

## काय केलं

सुरुवात तब्येतीपासून झाली. मुलीला गावातल्या डॉक्टरकडे नेऊन तपासणी आणि रक्त तपासणी केली. काळजीचं काही नव्हतं, अशक्तपणा होता. हा अहवाल भारतात पाठवल्यावर वडिलांचा आवाज खाली आला. तब्येतीचं आधी मिटवणं हा या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता, कारण त्यानंतरची बोलणी भीतीपोटी झाली नाहीत.

मग स्वयंसेविका मुलीला एकटीला फिरायला घेऊन गेली. 'कसं चाललंय' असं मोघम न विचारता तिने नेमकं विचारलं: काल सकाळी काय खाल्लंस? दुपारी? ते का नाही खाल्लंस? तिसऱ्या-चौथ्या 'का'ला 'आयवाइस' बाहेर आलं. पिशवीत दह्याचा डबा होता. दोघींनी रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याचं लेबल वाचलं. युरोपीय नियमांनुसार अंडं, दूध यांसारखे ॲलर्जी करणारे घटक यादीत ठळक किंवा वेगळ्या अक्षरांत छापावे लागतात. म्हणजे अंडं शोधायचं ते घटकांच्या यादीत, ठळक अक्षरांत: आय, आयगेल्ब, आयक्लार, फोलआय, ह्यूनरआयवाइस. तक्त्यातल्या आयवाइसकडे बघायचंच नाही. शंका असेल तिथे 'फेगान', म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच नाही, असा शिक्का असलेलं पाकीट घ्यायचं.

यजमान आईशी वेगळं बोलणं झालं, तासभर. त्यात जेवणाबद्दल जेमतेम दहा मिनिटं. बाकीचा वेळ ती पत्राबद्दल बोलली, आणि सात आठवड्यांत एकदाही न आलेल्या हाकेबद्दल.

एकत्र बैठक शनिवारी सकाळी, स्वयंपाकघराच्याच टेबलावर. मुलीने सहा वाक्यं जर्मनमध्ये आधी लिहून आणली होती. ऐनवेळी भाषा दगा देते, म्हणून. पहिलं वाक्य अंड्याचं, दुसरं पत्राबद्दल माफीचं. माफी कशाची मागायची, यावर स्वयंसेविकेने आधी तिच्याशी घासाघीस केली होती. भूक लागली याची माफी नाही, तुम्हाला आधी सांगितलं नाही याची.

ठरलेलं एका कागदावर उतरवलं. आठवड्यातून दोनदा मुलगी साडेसहाच्या आत सगळ्यांना पुरेल असा एक गरम पदार्थ करणार. फोडणी उंच भांड्यात झाकण ठेवून, खिडकी सताड उघडून. हिंगाची डबी तळघरात. भारतातून घरचा फोन जर्मनीच्या घड्याळाने बुधवारी दुपारी चारला आणि रविवारी दोनला, बाकी दिवशी फक्त संदेश. आतले कपडे जाळीच्या पिशवीत घालून शनिवारच्या धुण्यात जाणार आणि वाळणार तळघरातल्या स्टँडवर. सकाळ-संध्याकाळ खिडकी पाच ते दहा मिनिटं पूर्ण उघडायची, तेवढ्या वेळात हीटरची चकती बंद, एरवी ३ च्या वर नाही. आणि काही खटकलं तर चोवीस तासांत ज्याच्याशी संबंध आहे त्यालाच आधी सांगायचं, मग स्वयंसेविकेला, मग घरी. हे शेवटचं कलम यजमानांनाही लागू होतं. यजमान आईला डागाबद्दल कधी बोलली होतीस का, असं विचारल्यावर तीही गप्पच झाली.

हळदीचा डाग गेला तो वेगळ्याच कारणाने. हळदीतला रंग उजेडाने विटतो. ओट्याच्या त्या बाजूला खिडकीतला उजेड थेट येऊ लागल्यावर आठवडाभरात तो फिकट झाला.

## पुढे काय झालं

पहिल्याच बुधवारी आईने सवयीने रात्री दहाला फोन केला आणि टेबलावर पुन्हा शांतता पसरली. या वेळी मुलीने फोन न घेता नंतर संदेश पाठवला. आईला ते फार लागलं. दोन-तीन दिवस तिकडून अबोला होता. गंमत अशी की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं एक तास मागे गेली, अंतर साडेचार तासांचं झालं आणि रात्री दहाचा फोन तसाही साडेपाचला आला असता. ठरलेली वेळ तरी तशीच ठेवली.

दोन आठवड्यांनी यजमानांनी नाताळपर्यंत थांबायला सांगितलं, नाताळात जानेवारीअखेरपर्यंत. त्यापुढे त्यांची स्वतःची मुलगी परतणार होती आणि तिला तिची खोली हवी होती. वजन हळूहळू भरून आलं. हाकेचं लगेच जमलं नाही. आधी ती मोबाइलवरच्या संदेशात नाव लिहू लागली, कारण लिहिणं बोलण्यापेक्षा सोपं. तोंडाने पहिली हाक डिसेंबरात कधीतरी, जिन्यावरून.

बुरशी ७० टक्के अल्कोहोलने पुसली आणि दोन्ही कोपरे पुन्हा रंगवले. रंगाचा खर्च मुलीच्या पालकांनी दिला, कारण तिच्या जबाबदारीच्या विम्यात, म्हणजे आपल्या हातून झालेलं दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या विम्यात, राहत्या खोलीचं नुकसान धरलेलं नव्हतं. निघण्याआधी विम्याच्या कागदात हे कलम शोधावं. बहुतेक जण फक्त दवाखान्याचं पान वाचतात.

फेब्रुवारीत ती त्याच शाळेच्या परिसरातल्या दुसऱ्या घरी गेली. अंड्याची यादी, फोनची वेळ आणि धुण्याची पिशवी ही तिन्ही दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीला बोलून झाली.

हिंगाचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. पहिल्या घरात तो तळघरातच राहिला आणि यजमान वडिलांनी तो वास मनापासून कधीच सहन केला नाही.

## काय वेगळं करता आलं असतं

अर्जात 'शाकाहारी' या शब्दापुढे दोन ओळी हव्या होत्या: अंडं, मासे, जिलेटिन चालत नाही, दूध, दही, चीज चालतं, रात्री गरम खायची सवय आहे. चीज चालतं म्हणतानाही ते करताना दूध साकळवायला प्राण्याच्या जठरातला घटक वापरलेला असला तर चालणार आहे का, ते घरातच आधी ठरवावं. नाहीतर हा वाद तिकडे गेल्यावर उभा राहतो.

आग्रहाचं गणित निघण्यापूर्वी मुलांना समजावून द्यावं. आपल्याकडे पहिलं 'नको' धरत नाहीत. जर्मन घरात वाढणारा एकदाच विचारतो आणि 'नको' म्हणजे नको असं मानून भांडं बाजूला ठेवतो. त्याच्या दृष्टीने तो तुमच्या शब्दाचा मान राखत असतो.

स्वयंसेविकेची पहिली भेट पहिल्या आठवडाभरात, समोरासमोर आणि मुलीशी एकटीशी व्हायला हवी होती. स्पीकरवरचा फोन चौकशीत धरू नये.

पालकांची बाजू अवघड आहे. हजारो किलोमीटरवरून मूल उपाशी आहे असं ऐकल्यावर शांत राहा म्हणणं सोपं असतं. तरी समन्वयकाला फोन लावण्याआधी मुलीला विचारण्यासारखे तीन प्रश्न होते: तू हे त्यांना सांगितलंस का? नेमक्या कोणत्या शब्दांत? त्या काय म्हणाल्या? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर आधी ते सांगायला लावावं आणि दोन दिवस थांबावं.

याला अपवाद आहे आणि तो मुलीला निघण्यापूर्वीच पाठ असायला हवा. नकोसा स्पर्श, धमकी, मारहाण, पासपोर्ट काढून घेणं, खोलीचं दार बंद करू न देणं, जेवण खरोखर नाकारणं, यांतलं काही असेल तर आधी घरच्यांशी बोला हा नियम लागू नाही. अशा वेळी तिथून बाहेर पडायचं, स्थानिक स्वयंसेविकेला किंवा शाळेतल्या शिक्षकांना गाठायचं आणि तिथून लगेच पालकांना. जर्मनीत पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११२, आणि लहान व किशोरवयीन मुलांना मोफत बोलता यावं म्हणून ११६ १११ हा क्रमांक आहे. हे तिन्ही कागदावर लिहून दप्तरात ठेवायचे, नुसते मोबाइलमध्ये नाही.